याडीचा कांदा आणि राखणदार बुरशी

घरात भाकरीच्या टोपलीत बुरशी दिसली की मी ओरडते, आणि ऑफिसात बुरशी दिसली नाही की साहेब माझ्यावर ओरडत. या दोन ओरडण्यांच्या मधे माझी सगळी नोकरी झाली. आमचे हे तर पाहुण्यांसमोर म्हणायचे, "बाकीच्या बायका अन्न फुकट नासवतात, आमच्या घरी त्याचा पगार येतो." पाहुणे हसत. मीही हसायचे, पण एक सांगते, नीट नासवणं फार अवघड काम आहे.

हिंगोलीजवळ एका जुन्या गोदामात आमची प्रयोगशाळा होती. पिकांच्या रोगांवर औषध म्हणून उपयोगी पडणारे जिवाणू आणि बुरशी आम्ही तिथे वाढवायचो. त्यातली मुख्य ट्रायकोडर्मा. शेतकरी तिला नुसतं ट्रायको म्हणतात, आणि मला म्हणत बुरशीवाल्या म्याडम. आमचं मोठं हत्यार म्हणजे माणूस आत बसेल एवढा प्रेशर कुकर आणि पोत्यांनी ज्वारी. ज्वारी भिजवायची, अर्धवट उकडायची, पिशव्यांत भरायची आणि कुकरमध्ये वाफवून तिच्यातला होता नव्हता तो सगळा जीव मारायचा. मग गार झाल्यावर, काचेच्या पेटीत हात घालून, स्पिरिटच्या दिव्यासमोर त्या पिशवीत ट्रायकोडर्माचा नखाएवढा तुकडा सोडायचा. आधी पांढरा कापूस धरतो. मग तो हिरवा होतो, कोवळ्या शेवाळासारखा. तसा हिरवा झाला की वाळवायचा, दळायचा आणि शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून पाकिटात भरायचा. संपलं.

संपलं म्हणते, पण त्यात एक जरी हात न धुतलेला पडला, एक जरी शिंक मधे आली, तर पिशवीत काळी, पिवळी, गुलाबी कसलीही बुरशी उगवते आणि सगळा घाणा फेकावा लागतो. माझं माहेर नरसीचं. वडील एका लहान देवळात पूजेला होते. त्यांचं सोवळं असं की आम्ही पोरी त्या वेळात ओसरीवरून सरकायचोसुद्धा नाही. लहानपणी मला त्याचा भयंकर राग यायचा. आणि प्रयोगशाळेत मी काय झाले, तर त्यांच्याहून कडक. एकदा खुद्द साहेब बूट घालून आत आले, तेव्हा मी त्यांना बाहेर काढलं होतं. ते माझ्यावर वर्षभर रुसले होते, आणि बूट मात्र तेव्हापासून बाहेर राहिले.

ही बुरशी करते काय, हे थोडक्यात सांगते. मातीत वाईट बुरश्या असतात. त्या रोपाच्या मुळात शिरतात आणि रोप आतून कुजवतात. ट्रायकोडर्माही बुरशीच, पण तिला मुळाशी वैर नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी ती मुळाभोवतीची जागा आधी धरते, आणि वाईट बुरशी आलीच तर तिला विळखा घालून खाऊन टाकते. पण एक लक्षात ठेवायचं. ती राखणदार आहे, वैद्य नाही. जे मूळ कुजलं ते ती परत आणत नाही. हे वाक्य मी हजारो शेतकऱ्यांना सांगितलं असेल आणि ऐकलेलं फार थोड्यांनी.

गिऱ्हाइकं तर एकेक अशी, की त्यांच्यावरच वेगळं लिहावं. जवळा बाजारच्या एका दुकानदाराने आमची पाकिटं शॅम्पूच्या पुड्यांसारखी दोरीला लावून दुकानाच्या दारात उन्हात टांगली होती. मी पाकीट हातात घेतलं तर चटका बसला.

"अहो, हे मेलंय आतलं," मी म्हणाले.

"म्याडम, दिसलं तरच खपतं."

"पण मेलेलं विकताय तुम्ही!"

"मेलं तरी पाकीट तर नवं कोरं हाय की," तो म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे.

दुसरा एक जण ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक एकाच पंपात कालवून फवारायचा, का तर डबल काम होईल. आणि प्रत्येक जण विचारायचा ते एकच. "ग्यारंटी हाय का?" त्यावर माझं उत्तर ठरलेलं होतं. ग्यारंटी मी देत नाही. बुरशी उगवून बघायच्या काचेच्या प्लेटमध्ये जे दिसेल तेवढंच मी सांगते, त्याच्या पुढचा एक शब्द बोलत नाही. लोकांना वाटायचं, बाई खाष्ट आहे. होतेच मी.

हे सगळं सांगितलं ते याडीकडे येण्यासाठी. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, सगळ्यात लक्षात राहिलेलं काम कुठलं? मला दुसरं काही आठवतच नाही.

साखरा गावाच्या पलीकडे, माळावर एक तांडा आहे. सोनाबाई राठोड तिथल्या. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि सोनाबाईंना सगळा तांडाच याडी म्हणायचा, त्यांची नातसुद्धा. ती नात काजल, बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत. पावसाळा सरता सरता एके दिवशी त्या दोघी प्रयोगशाळेत आल्या. याडींनी डोक्यावरची टोपली उतरवली आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या टेबलावर पालथी केली. कांदे. निम्मे सडलेले. वास असा सुटला की आतली माणसं बाहेर आली.

"ह्यांला काय झालं ते सांग, बाई," याडी म्हणाल्या.

मी एक कांदा उलटा केला. बूड मऊ पडलेलं, मुळं झडलेली, आणि तिथे पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली बुरशी. कांद्याचं बूड सडवणारी फ्युजॅरियम. ती एकदा मातीत आली की वर्षानुवर्षं जात नाही. शेतात शिरते, कांद्याबरोबर घरात येते, साठवणीच्या चाळीत बसल्या जागी कांदा खाते. मी काही बोलण्याआधी काजलने सांगायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला कळलं की हे खायचे कांदे नाहीत. बियाण्याचे आहेत.

कांद्याचं बी कसं होतं हे शहरात कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. बी पेरलं की पहिल्या हंगामात कांदा होतो. त्यातले चांगले निवडून पावसाळाभर जपायचे आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावायचे. मग त्यांना उंच दांडे फुटतात, दांड्यांवर पांढरे गोंडे येतात, मधमाश्या येतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्या गोंड्यांत काळं बी भरतं. आणि ते बी वर्षभराच्या वर टिकत नाही. उगवण मरते. म्हणजे डब्यात ठेवून निवांत बसण्याची सोय नाही. दरसाल लावायचं, नाहीतर ती जात संपली.

याडींच्या घरातला कांदा त्यांच्या आईकडून आलेला. फिक्कट लाल, जाड पापुद्र्याचा, चवीला असा तिखट की डोळ्यांतून पाणी. त्या घरची रीत होती. पोरगी सासरी निघाली की तिच्या ओढणीच्या टोकाला कांद्याच्या बियांची गाठ बांधून द्यायची. भरलेली गाठ. याडी स्वतः अशीच गाठ घेऊन या तांड्यात आल्या होत्या. त्यांच्या बहिणींच्या गाठी कुठे कुठे गेल्या, त्या सगळ्या कधीच्या संपल्या. बाजारचं बी आलं, लोकांनी तेच लावलं. आता ती जात फक्त या एका घरात राहिली होती. आणि काजलचं लग्न उन्हाळ्यात ठरलेलं होतं.

"गाठ द्याची हाय," याडी म्हणाल्या. "आन् हे असं सडून राहिलं."

मी त्यांना सगळं समजावलं. ज्यांचं बूड कोरडं आणि घट्ट आहे तेवढेच कांदे निवडा. लावायच्या आधी ट्रायकोडर्मा शेणाच्या काल्यात कालवून त्यात बुडवा. उरलेली भुकटी कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओल ठेवा, आणि वाफ्यांत टाका. पाकीट उन्हात ठेवू नका. निघताना याडींनी पाकीट हातात घेऊन विचारलं, "ह्याच्यात काय हाय?" मी म्हणाले, "याच्यात जीव आहे, याडी. जिवंत आहे हे. लेकरासारखं सांभाळा." त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाला लावलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली आणि काजलचा फोन आला.

"म्याडम, पात पिवळी पडून राहिली. एक उपटला, बूडच न्हाई त्याला."

मला पहिल्यांदा राग आला तो पाकिटाचा. आपलाच घाणा बिघडला की काय? त्याच घाण्यातलं एक पाकीट आम्ही राखून ठेवत असू. ते काढलं, पातळ करून प्लेटवर पसरलं. चार-पाच दिवसांनी पाहते तर प्लेट गच्च हिरवी. बुरशी ठणठणीत जिवंत होती. मग मी एसटीने साखरा गाठलं आणि तिथून काजलच्या भावाच्या मोटरसायकलवर तांडा.

वाफ्यांपाशी गेले. मधला सगळा पट्टा पिवळा. कडेच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या, त्याही कुठे कुठे. मी बांधावर बसून प्रश्नांचा मारा सुरू केला. पाकीट कुठे ठेवलं होतं? घरात, अंधारात, देवाजवळ. औषध काही फवारलं? न्हाई. कांदे निवडून लावले? एकेक बघून. मला कुठेच चूक सापडेना, आणि सापडत नाही म्हणून माझा आवाज चढत गेला. याडी उठल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

माझ्या वडिलांनी त्या तांड्यात पाणी घेतलं नसतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते खरं. मी तांब्या घेतला, तोंडाशी नेला आणि थांबले. पाण्याला वास होता. आमच्या प्रयोगशाळेत फरशी धुताना येतो तोच.

"हे पाणी कुठलं?"

"नळाचं," काजल म्हणाली. "पंचायतीच्या टाकीचं. पावसाळ्यात इथं जुलाबाची साथ आली व्हती ना, तवापासून तो माणूस टाकीत टीसीएल टाकतो. लई टाकतो. पर साफ हाय पानी, म्याडम."

"आणि ट्रायको कशात भिजवलं होतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग याडी म्हणाल्या, "ह्याच पान्यात."

"शेणाचा काला?"

"न्हाई केला." याडींचा आवाज मोठा झाला. "तूच म्हनली का न्हाई, जीव हाय म्हनून? लेकरावानी सांभाळ म्हनली. लेकराला शेनात कालवू व्हय? घरातली नवी घागर काढली, राखेनं घासली. इहिरीचं पानी गढूळ, म्हनून नळाचं भरलं. सगळं पाकीट रातभर त्याच्यात ठिवलं, वरून फडकं बांधलं. पेयाला बी जपून वापरतो आमी ते पानी, आन् ह्याला भरून घागर दिली."

मी तांब्या खाली ठेवला. टीसीएल म्हणजे पाण्यातले जंतू मारायची पावडर. ती चांगला जंतू, वाईट जंतू असं काही बघत नाही. याडींनी घरात होतं त्यातलं सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मोलाचं पाणी त्या जिवाला दिलं होतं, आणि त्याच पाण्यात तो रात्रभर मेला होता. गढूळ विहिरीचं दिलं असतं, शेणात कालवलं असतं, तर जगला असता. आमच्या या धंद्यात ही अशी गंमत आहे. प्रयोगशाळेत सगळं सोवळं लागतं आणि शेतात गेलं की सगळं ओवळं.

खात्री करायची म्हणून ते पाणी मी बाटलीत भरून नेलं. विहिरीचंही नेलं. दोन्हींत पाकिटातली भुकटी रात्रभर भिजवली आणि प्लेटी लावल्या. विहिरीच्या पाण्याची प्लेट हिरवी झाली. नळाच्या पाण्याच्या प्लेटवर इकडे एक ठिपका, तिकडे एक ठिपका. त्या दोन्ही प्लेटी घेऊन मी पुन्हा तांड्यावर गेले आणि याडींच्या पुढे ठेवल्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी ओढणी तोंडाला लावली आणि बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिल्या.

"म्या मारलं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "याडी, पाकिटावर हे लिहिलेलं नाही. कुणालाच कळलं नसतं." आणि खरंच लिहिलेलं नव्हतं. पुढच्या पाकिटांवर मी भांडून ते छापून घेतलं, मोठ्या अक्षरांत. पण याडींना वाचता येत नव्हतं आणि त्यांची रडू दाबायची पद्धत अशी होती की मला तिथे बसवेना.

आता प्रश्न होता, उरलेल्यांचं काय? मी त्यांना तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते. ही राखणदार आहे, वैद्य नाही. जे आजारी आहेत ते उपटून, मुळाजवळच्या मातीसकट लांब नेऊन जाळावे लागतील. नुसते पिवळे नाहीत, त्यांच्या शेजारचे, अजून हिरवे दिसणारेसुद्धा. मग जे राहतील त्यांच्याभोवती या बुरशीचं कुंपण घालू.

"हिरवे बी?" याडींनी विचारलं.

"हिरवेसुद्धा."

त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मुलगा, काजलचा बाप, पुढे आला तर त्याला मागे सारलं. वाकून एकेक कांदा स्वतः उपटला, उलटा करून बूड बघितलं आणि टोपलीत टाकला. काहींचं बूड धड निघालं. तेव्हा त्या माझ्याकडे बघत. मी मान हलवायची. नाही, तोही जाऊ द्या. त्यांनी टाकला. मला आजही कुणी विचारलं की नोकरीतला सगळ्यात कठीण दिवस कोणता, तर तो. मी फक्त उभी होते आणि मान हलवत होते.

मग शेणाचा खड्डा केला. सावलीत, आंब्याखाली. जुनं कुजलेलं शेणखत, त्यात नवं पाकीट, विहिरीचं गढूळ पाणी आणि वरून ओलं पोतं. याडी रोज पोतं उचलून बघायच्या. एक दिवस काजलचा फोन, "म्याडम, याडी म्हनते खड्ड्यात हिरवं आलं, हात लावू का नको?" मी म्हणाले, "लाव म्हणावं, खुशाल लाव. आता ते हाताला भीत नाही." ते खत त्या दोन ओळींच्या बुडाशी घातलं, माती ओली ठेवली. मी जमेल तेव्हा जात राहिले. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायचे, प्रात्यक्षिक आहे.

त्या ओळी तगल्या. सगळ्या नाही. पण गोंडे आले, माश्या आल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला याडींनी सुपात बी पाखडलं. मूठभर. एरवी शेर-दोन शेर व्हायचं म्हणे. काळं, टोकदार, चमकदार बी. मी ते तळहातावर घेतलं आणि मला आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. कारण आता दोनच वाटा होत्या. ते बी तांड्यात पेरायचं, किंवा काजलच्या गाठीत बांधायचं. निम्मं-निम्मं करण्यात अर्थ नव्हता. कांद्याची जात चार झाडांवर टिकत नाही, पिढी-दोन पिढ्यांत खुरटते. हे मीच त्यांना सांगितलेलं.

मी इथे ठेवा म्हणून हट्ट धरला. "याडी, इथे दुसऱ्या बाजूचं रान आहे, मोकळं, रोग न लागलेलं. खड्डा आहे, मी आहे. काजलचं सासर औंढ्याकडे, त्यांचं सगळं हळद नि सोयाबीन. नव्या नवरीला कांद्याला वाफा कोण देईल? आणि नाही दिला तर वर्षभरात बी संपलं. मग कुठेच राहणार नाही."

"व्हय," याडी म्हणाल्या.

"मग?"

"पोरीला रिकामी गाठ देऊ?"

"बाजारचं बी बांधा या वर्षी. रीत होईल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पूर्वी बूट घातलेल्या साहेबांकडे पाहिलं होतं. "बाई," त्या सावकाश म्हणाल्या, "माजं वय झालं. इथं पेरलं तर माज्या मागं कोन निवडंल? पोरगं हळदीच्या मागं लागलं. ह्या पोरीनं माज्याबराबर वाफ्यात बसून बूड बघितलं एकेकाचं. जितं निवडनारं मानूस हाय तितं बी जाईल."

मला पटलं नाही. आजही पूर्ण पटलं आहे असं म्हणणार नाही. मी रागाने घरी आले. पण दोन-तीन दिवस डोक्यात तेच. मग मी तांड्यावर फोन लावून काजलला सांगितलं की खड्डा झाकून ठेव, मी येते.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी पोचले. वाफ्यातली माती द्यायची नव्हती, तिच्यात रोग होता. खड्ड्यातलं खत मी आधीच प्लेटवर तपासलं होतं. त्यात फ्युजॅरियम नव्हती, ट्रायकोडर्मा भरपूर होती. त्यातला एक गोळा मी ओल्या सुती कापडात बांधला आणि दुसऱ्या दिवशी आहेराच्या वेळी काजलच्या हातात ठेवला. लोकांनी साड्या दिल्या, भांडी दिली, मी शेणाचा गोळा दिला. पाहुण्यांत कुजबूज झाली. याडींनी मात्र तो तिच्या हातातून घेऊन तिच्या ओढणीच्या त्याच टोकाला, बियांच्या गाठीशेजारी, दुसरी गाठ मारून बांधला.

"बी एकलं न्हाई धाडत," त्या काजलला म्हणाल्या. "राखनदार देली संगं. ह्याला शेन दे, इहिरीचं पानी दे. नळाचं देऊ नको."

याडी त्याच पावसाळ्यात गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. पाऊस असा लागला होता की नाल्याला पूर, आणि जाता आलं नाही. त्यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. निरोपाला लोक चांगलं बोलले, एक शाल मिळाली. मनात मात्र सारखं येत होतं, ते बी पेरलं असेल का? काजलला फोन करावा वाटायचा आणि करवायचा नाही. तिने नाही म्हटलं असतं तर मला ते ऐकायचं नव्हतं. खाष्ट बाईंचं हे असं असतं.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, सकाळी दारात काजल उभी. कडेवर लेकरू, हातात पिशवी. आत आली, पाणी प्यायली, आणि पिशवी माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर पालथी केली. अगदी याडींसारखी.

"म्याडम, बूड बघा."

मी खाली बसले. फिक्कट लाल, जाड पापुद्र्याचे कांदे. एकेक उलटा करून पाहिला. बूड घट्ट, कोरडं, वाळलेल्या मुळांचा झुपका जागच्या जागी. मी सगळे पाहिले, गरज नव्हती तरी. मला चष्मा काढून पुसावा लागला.

सासरी वाफा सुखासुखी मिळाला नव्हता. सासूने आधी नाक मुरडलं, मग परसात भांडी घासायच्या मोरीमागे थोडी जागा दिली. "तितंच लावलं," काजल म्हणाली. "पहिला कांदा खाल्ला तवा सासऱ्यांच्या डोळ्यातून पानी आलं. म्हनले, लई वर्सांनी असा कांदा खाल्ला. मंग हळदीच्या कडंला दोन वाफे दिले. हे घेऊन तांड्यावर चालले मी. बापाला म्हनलं, मोकळ्या रानात एक ओळ तरी याडीच्या नावानं लावायची."

मग तिने एक स्टीलचा डबा काढला. त्यात ओलसर काळं खत. "तुमी दिलेला गोळा शेनात वाढवला. अजून वाढवते. तांड्यावर ह्यातलंच टाकनार. पर आधी तपासून द्या. याडीच्या खड्ड्यातली ती हिरवी अजून हाय का ह्याच्यात?"

मी तो डबा घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या नव्या मुलीने मला दारातच थांबवलं, चपला काढायला लावल्या आणि हात धुवून या म्हणाली. मला फार आनंद झाला. प्लेट लावली. चार-पाच दिवसांनी पाहायला गेले तर प्लेटवर आधी पांढरा कापूस आणि मग तो ओळखीचा हिरवा. रोगाची बुरशी कुठे नाही.

आता खरी गोष्ट सांगते. ट्रायकोडर्मा कुठल्याही चांगल्या मातीत थोडी असतेच. काजलच्या सासरच्या मातीत, त्यांच्या शेणातही असणार. त्या प्लेटवर उगवलेली माझ्या पाकिटातली, याडींच्या खड्ड्यातून गाठीत बांधून गेलेली, की औंढ्याकडच्या मातीतली मूळचीच, हे डोळ्यांनी बघून कुणालाही सांगता येत नाही. मलाही नाही. उभ्या जन्मात मी प्लेट दाखवते त्याच्या पुढचा शब्द बोलले नव्हते.

मी फोन लावला. काजल तांड्यावर होती. मागे वारा ऐकू येत होता, आणि लेकराचं रडणं.

"आहे," मी म्हणाले. "भरपूर आहे. चांगली आहे."

"याडीचीच हाय ना, म्याडम?"

मी प्लेटकडे पाहिलं.

"व्हय," मी म्हणाले. "याडीचीच हाय."

पलीकडे तिने लेकराला उगी केलं. मग म्हणाली, "मंग आजच लावते. इहिरीचं पानी भरून ठिवलंय."